जुनी आगबोट पुन्हा पाण्यावर उतरवावी काय?

आफ्रिका खंडाच्या आग्नेय भागात मलावी नावाचा एक लहानसा देश आहे. १९६४ साली तो स्वतंत्र झाला. त्यापूर्वी त्यास न्यासालँड असे म्हणत. ह्या देशाच्या पूर्वेस सुमारे ३६० मैल लांब आणि काही ठिकाणी ५० मैल रुंद असे गोड्या पाण्याचे एक अफाट सरोवर पसरलेले आहे. आपल्या कोकणपट्टीची लांबी डोळ्यांपुढे आणली म्हणजे ह्या सरोवराच्या विस्ताराची काहीशी कल्पना येईल. त्याच्या काठी डोंगर थेट पाण्यात उतरतात, आणि कित्येक गावांस आजही धड रस्ता नाही. तेथे पाणी हाच रस्ता आणि होडी हीच गाडी. अशा ह्या सरोवरावर १९०१ साली एक आगबोट उतरविण्यात आली. तिचे नाव 'चॉन्सी मेपल्स'. तिला निवृत्त करून बांधून ठेवल्यानंतर, ती दुरुस्त करून पुन्हा कामास लावावी की नाही, असा प्रश्न आपल्या ह्या शतकात उपस्थित झाला. प्रश्न दूर देशाचा आहे खरा; पण जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्या, आणि तितक्याच, हाती पैसा थोडा असणाऱ्या प्रत्येक समाजास तो केव्हा ना केव्हा पडतो. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे तो मांडावा असे आम्हांस वाटले.

प्रथम ह्या बोटीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती ऐकल्यावाचून तिच्याविषयी लोकांस एवढी माया का वाटते हे कळावयाचे नाही. चॉन्सी मेपल्स हे गृहस्थ इंग्लंडातील विद्यापीठांनी मध्य आफ्रिकेकरिता स्थापिलेल्या मिशनचे कार्यकर्ते होते. ते १८७६ साली आफ्रिकेत आले, आणि जवळजवळ वीस वर्षे त्या प्रदेशात राबले. १८९५ साली त्यांस लिकोमाचे बिशप नेमण्यात आले. लिकोमा हे त्या सरोवरातील एक लहान बेट. बिशप होऊन इंग्लंडाहून परत येत असता, आपल्या कार्यक्षेत्रात पोहोचण्यापूर्वीच, त्याच वर्षाच्या सप्टेंबरात वादळात त्यांची शिडाची होडी उलटली व ते बुडाले. अंगातील जड झग्यामुळे त्यांस पोहता येईना. तेव्हा आपणांस वाचविण्याचा नाद सोडून तुम्ही किनारा गाठा, असे त्यांनी बरोबरच्या मुलांस सांगितले, अशी हकीकत आहे. ज्या सरोवराने त्यांचा बळी घेतला, त्याच सरोवरावर वादळास तोंड देईल अशी एक भक्कम आगबोट असावी, आणि तिला त्यांचे नाव द्यावे, असे पुढे ठरले.

बोटीचा आराखडा हेन्री ब्रुनेल व जॉन वुल्फ बॅरी ह्या नामांकित अभियंत्यांनी केला. ह्यांपैकी बॅरी म्हणजे लंडनचा टॉवर ब्रिज उभारणारे. १८९९ साली ग्लासगो येथील अ‍ॅली व मॅक्लेलन ह्यांच्या कारखान्यात ती तयार झाली. पण तयार झाली म्हणजे काय, तर जुळवून पाहिली, पुन्हा सुटी केली, आणि तिचे ३,४८१ भाग बांधून आफ्रिकेस रवाना केले. समुद्रावरून हे सामान झांबेझी नदीच्या मुखाशी आले. तेथून पडावांतून नदीवाटे वर गेले. शिरे नदीवर जेथे मोठमोठे धबधबे लागतात, तेथे ते हमालांच्या डोक्यावर चढले. बॉयलर मात्र सुटा करता येण्यासारखा नव्हता. तो चाकांवर चढवून, सुमारे साडेचारशे अंगोनी लोकांनी दोरखंडांनी ओढीत साठांहून अधिक मैल रानावनांतून नेला. आम्हांस नेहमी असे वाटते की, बोटीच्या इतिहासात कारखानदाराचे, अभियंत्याचे, वर्गणीदारांचे नाव येते. ह्या साडेचारशे माणसांपैकी एकाचेही नाव कोणी आपल्याला सांगत नाही. बोट कोणाची, असा प्रश्न निघेल तेव्हा ह्यांचाही हक्क ध्यानात धरावा लागेल.

सरोवराच्या दक्षिण टोकाशी ती पुन्हा जुळविण्यात आली आणि १९०१ च्या जूनमध्ये पाण्यात सोडण्यात आली. १२७ फूट लांबीची ही बोट म्हणजे एक तरंगती शाळा व तरंगता दवाखाना होता. गावोगावच्या शाळांस शिक्षक हवेत, आणि शिक्षक तयार करावयास मोठी शाळा हवी; तेव्हा होतकरू तरुणांस बोटीवरच ठेवून शिकवावे आणि वाटेतील गावी उतरवून त्यांच्याकडून शिकवून घ्यावे, अशी ही व्यवस्था होती. विल्यम पर्सिव्हल जॉन्सन हे मेपल्स ह्यांचे कॉलेजपासूनचे स्नेही. दृष्टी जवळजवळ गेलेली असताही १८७६ पासून १९२८ साली मृत्यू येईपर्यंत ते त्याच प्रदेशात राहिले. आयुष्याची पुष्कळ वर्षे त्यांनी ह्या काठावरून त्या काठावर जाण्यात घालविली, आणि मधल्या वेळात पवित्र शास्त्राचे भाषांतर न्यांजा भाषेत केले. शिक्षकाचा धंदा करणाऱ्या आम्हांस ह्या बोटीविषयी विशेष आपलेपणा वाटला, तर वाचक आम्हांस हसणार नाहीत अशी आशा आहे.

ह्या सरोवराचा आणि आपल्या मुंबई इलाख्याचाही एक जुना ऋणानुबंध आहे. डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांनी १८५९ साली हे सरोवर पाहिले, आणि तेथील गुलामांचा व्यापार थांबवावयाचा तर ह्या पाण्यावर आगबोट पाहिजे, हे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी स्वतःच्या पैशाने 'लेडी न्यासा' नावाची बोट बांधवून आणली. पण धबधब्यांमुळे ती सरोवरापर्यंत कधी पोहोचलीच नाही. १८६४ साली ती छोटी बोट घेऊन ते झांझिबारहून निघाले, आणि ४५ दिवसांत सुमारे अडीच हजार मैलांचा हिंदी महासागर ओलांडून थेट मुंबई बंदरात दाखल झाले. बोट पुढे मुंबईतच विकली गेली, आणि आलेले पैसे ज्या पेढीत ठेवले ती पेढीही बुडाली! त्या सफरीत त्यांच्याबरोबर चुमा नावाचा एक मुलगा होता. गुलामांच्या तांड्यातून सोडविलेल्या ह्या मुलास मुंबईत डॉ. विल्सन ह्यांच्या शाळेत घातले. नाशिकजवळ शरणपूर येथे अशाच सोडविलेल्या आफ्रिकी मुलांकरिता मिशनची शाळा होती. तेथील जेकब वेनराइट हाही पुढे लिव्हिंग्स्टन ह्यांच्या सेवेस गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचा देह शेकडो कोस वाहून समुद्रकाठी आणणाऱ्यांत चुमा होता, वेनराइटही होता. हाच चुमा नंतर मेपल्स ह्यांच्या मिशनच्या तांड्यांचा वाटाड्या झाला. तेव्हा न्यासा सरोवर हे नाव भूगोलाच्या पुस्तकात आले म्हणजे आमच्या मुलांनी ते केवळ परीक्षेपुरते पाठ करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९५३ साली मिशनने 'चॉन्सी मेपल्स' विकून टाकली. काही वर्षे ती मासेमारीच्या कामी आली. देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने ती घेतली, वाफेचे यंत्र काढून तेथे डिझेल यंत्र बसविले, आणि १९६७ पासून ती उतारू व माल नेऊ लागली. म्हणजे पहा, ही बोट एकदा तरी मरणाच्या दारातून परत आलेली आहे. त्या वेळी तिला परत आणणारांनी तिचे वय विचारले नाही, आणि तिच्या जन्मकथेने त्यांचे डोळेही पाणावले नसावेत. त्यांस उतारू न्यावयाचे होते. पुढे ती थकली व मंकी बे नावाच्या बंदरात बांधून ठेवण्यात आली. २००९ साली तिच्या उद्धारार्थ एक विश्वस्त मंडळ पुढे आले. ह्या वेळी कल्पना अशी निघाली की, बोट दुरुस्त करून तिचा फिरता दवाखाना करावा, आणि जेथे वैद्य पोहोचत नाही अशा काठच्या गावांस तिने औषधपाणी पुरवावे. बोटीचे मालक जे मलावी सरकार, त्याने ह्या कल्पनेस पाठिंबा दिला. कल्पना किती सुंदर! जी बोट प्रथम दवाखाना होती, तीच शंभर वर्षांनी पुन्हा दवाखाना व्हावी. वर्गणी जमू लागली, कामासही आरंभ झाला. परंतु ते काम तडीस गेले नाही. दवाखान्याची बोट म्हणून ती सरोवरावर फिरली नाही.

आमच्या वरच्या वर्गांच्या वादविवादात हा विषय आम्ही ठेविला होता. बहुतेक मुले बोटीच्या बाजूने बोलली, आणि फार चांगली बोलली. बॉयलर ओढणाऱ्या माणसांचे वर्णन एकाने केले तेव्हा वर्ग अगदी स्तब्ध झाला. अखेरीस एक मुलगी उठली. तिचे वडील माझगावच्या गोदीत कामास आहेत. ती एवढेच म्हणाली, "जहाज दुरुस्त करण्याआधी त्याचा तळ कोणी ठोकून पाहिला होता काय? आणि आजारी बाईने तोपर्यंत कोठे जावे?" ह्या दोन प्रश्नांस उत्तर देण्यास कोणी उठले नाही, आणि खरे बोलावयाचे तर आमच्यापाशीही तेव्हा चटकन देण्याजोगे उत्तर नव्हते. पुढील विवेचन हे त्या मुलीस उशिरा दिलेले उत्तर समजावे.

जुन्या बोटी पुन्हा चालू करणे हे मुळातच वेडेपण आहे, असे आम्ही म्हणत नाही. इंग्लंडात कॉनिस्टन नावाच्या सरोवरावर 'गोंडोला' नावाची आगबोट आहे. ती १८५९ साली रेल्वे कंपनीने सहलीकरिता चालू केली आणि १९३६ पर्यंत चालली. नंतर कोणी तिचे घर केले. मग ती वादळाने काठावर फेकली गेली. अखेर प्राचीन वास्तूंचे जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्टने तिचा जवळजवळ सगळा सांगाडा नवा बांधवून १९८० साली ती पुन्हा सेवेस लावली. तिच्या वाटेवरच रस्किन ह्यांचे घर लागते. ज्यांच्या पुस्तकावरून गांधीजींना 'सर्वोदय' सुचले तेच हे रस्किन. लोक हौसेने बसतात, तिकीट काढतात, आनंद मानतात. ह्यांत वावगे काय आहे? ज्याच्या घरी धान्य भरलेले आहे त्याने अंगणात फुलझाडे जरूर लावावीत. मात्र हा हिशेब मलावीसारख्या देशास जसाच्या तसा लागू करणे म्हणजे शेजाऱ्याच्या अंगरख्याच्या मापाने आपला अंगरखा बेतणे होय.

ह्याहून निराळे उदाहरण टांगानिका सरोवरावरील 'लिएम्बा' बोटीचे. ही जर्मनीत १९१३ साली बांधली. हिचेही तुकडे करून, हजारो पेट्यांत भरून, समुद्र व आगगाडी ह्यांच्या वाटेने ती आफ्रिकेत नेली. पहिल्या महायुद्धात ती लढाऊ बोट झाली. १९१६ साली शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जर्मनांनीच ती बुडविली. पण बुडविण्यापूर्वी यंत्रांस चरबीचा जाड लेप देण्यास ते चुकले नाहीत. आपण बांधलेली वस्तू बुडवितानाही ती पुन्हा वर येईल असे धरून वागावयाचे, हा कारागिराचा बाणा खरोखर पाहण्यासारखा आहे. इंग्रजांनी १९२४ साली ती वर काढली तेव्हा यंत्रे शाबूत निघाली, आणि १९२७ पासून ती उतारूंची बोट झाली. तिच्या वाटेवर धक्के अगदी थोडे. गावाजवळ ती खोल पाण्यात उभी राहते, काठावरून होड्या धावत येतात, आणि माणसे, कोंबड्या, अननस, सुक्या मासळीची पोती ह्यांची चढउतार त्या होड्यांतून होते. आपल्या कोकणात बोटी चालत असत तेव्हा पडावात उतरून किनारा गाठलेल्या वडीलधाऱ्यांस हे चित्र परके वाटणार नाही. २०१५ साली बुरुंडीतील दंग्यांमुळे हजारो निर्वासित कागुंगा नावाच्या गावी येऊन अडकले. मागे उभा डोंगर, पुढे पाणी, बाहेर पडावयास रस्ता नाही. आणि गावात पटकीची साथ. त्या वेळी शंभर वर्षांची लिएम्बा फेऱ्यांमागून फेऱ्या करून त्या लोकांस किगोमा बंदरात आणीत होती. अलीकडे टांझानिया सरकारने तिची मोठी दुरुस्ती पुन्हा हाती घेतली, हे आमच्या मते सर्वस्वी योग्य झाले. ती जुनी आहे म्हणून नव्हे, तर तिची वाट पाहणारी माणसे काठावर आहेत म्हणून.

येथे कोणी म्हणेल की, शंभर वर्षांच्या बोटीत माणसे बसविणे हे पाप आहे. ह्या भीतीचा विचार केला पाहिजे. परंतु बोटीचे वय ही धोक्याची खूण नव्हे. न्यासा सरोवरावरच १९४६ साली 'विप्या' नावाची कोरी करकरीत बोट, सेवेस लागून थोडेच आठवडे झाले असता, वादळात बुडाली व १४५ माणसे गेली. आमच्या मुंबईच्या तोंडाशी १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे दगावली. तीही जुनी नव्हती, अकराच वर्षांची होती. बोट बुडते ती आकाशाकडे न पाहता सोडल्यामुळे, माणसे कोंबल्यामुळे, तिचा तोल व तिचा तळ ज्यांनी तपासावयाचा त्यांनी न तपासल्यामुळे. जुन्या बोटीस ही तपासणी अधिक वेळा व अधिक कडक पाहिजे. तिला दर वर्षी सुक्या जागी ओढून घेतले पाहिजे, झिजलेला पत्रा बदलला पाहिजे, यंत्रावर शिकलेले माणूस पाहिजे. आणि ह्या सर्वांस लागणारा पैसा दर वर्षी पाहिजे. उद्धाराच्या वर्गण्या गोळा करणारे सत्पुरुष बहुधा पहिल्या वर्षाचा खर्च मोजतात. दहाव्या वर्षाचा कोणी मोजीत नाही.

'चॉन्सी मेपल्स'विषयी आमचे म्हणणे असे की, तिचे काम अर्धवट राहिले ह्याचे दुःख मानावे, पण ते राहिले म्हणून कोणास दोष देत बसू नये. दवाखाना आणि बोट ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्यांची गाठ मारली ती प्रेमाने मारली. पण ती मारल्यामुळे रोग्याचे औषध जुन्या पत्र्यांच्या गंजावर अवलंबून राहिले. काठच्या गावांस नर्स पाहिजे, औषधांची पेटी पाहिजे, आणि ती पोहोचविणारी एखादी लहान यंत्रहोडी पाहिजे. ती साधी असेल, तिला इतिहास नसेल, तिच्या नावाने कोणी लंडनात वर्गणी देणार नाही. तरी ती मंगळवारी येईन म्हणाली तर मंगळवारी आली पाहिजे. ही व्यवस्था लागली की मग जुन्या बोटीचा विचार मोकळ्या मनाने करावा. तळ ठोकून पाहावा. तो साथ देत असेल तर माणसे नेण्यास तिला अवश्य लावावी. देत नसेल तर तिला काठावर घ्यावे, तिच्या खोल्यांत बाके मांडावीत, आणि तेथील तरुणांस यंत्रदुरुस्तीचे, सुकाणूचे, हवामान ओळखण्याचे शिक्षण द्यावे. तिच्या मूळ कामाशी हे विसंगत नाही. उलट काचेच्या कपाटात ठेवल्यासारखी ती नुसती पाहावयाची वस्तू करण्यापेक्षा बिशप मेपल्स ह्यांस हेच अधिक रुचले असते, असे आमचे मन आम्हांस सांगते.

आणि हे ठरवावयाचे कोणी? वर्गणी देणारांनी सल्ला द्यावा, सरकारने पैसा तपासावा. पण लिकोमा बेटावरील बाईस बाळंतपणासाठी कोठे जावे लागते, वादळी वाऱ्याच्या महिन्यांत किती दिवस होडी सुटत नाही, बाजाराचा माल कोठे कुजतो, हे तिला व तिच्या शेजाऱ्यांस विचारल्यावाचून काहीही ठरवू नये. ज्यांच्या आजोबांनी तो बॉयलर ओढला त्यांस, आता ह्या बोटीचे काय करावे, असे निदान एकदा तरी विचारावयास नको काय?

त्या सरोवरावर 'इलाला' नावाची आणखी एक बोट आहे. 'विप्या' बुडाल्यानंतर ती स्कॉटलंडात बांधवून आणली आणि १९५१ साली सेवेस लागली. ज्या प्रदेशात लिव्हिंग्स्टन ह्यांचा अंत झाला त्याचेच हे नाव. लिकोमाच्या लोकांस बाहेरच्या जगाशी जोडणारी ती मुख्य बोट. आणि तिनेही आता सत्तरी ओलांडली आहे. तिचा तळ ठोकून पाहण्याची, तिच्या यंत्राकरिता दर वर्षी पैसा बाजूस काढण्याची आणि तिच्या जागी पुढे कोणती बोट यावयाची हे ठरविण्याची वेळ, ती बंद पडण्यापूर्वीची आहे.